दहा सेकंदांची पट्टी आणि तेराशे सीसी

जपानमध्ये ४०० सीसीच्या वरची मोटरसायकल चालवायची तर तिचं लायसन्स वेगळं काढावं लागतं. आपल्याकडे आरटीओच्या मैदानात एकदा आठचा आकडा काढून दाखवला की गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स हातात पडतं, आणि त्यावर स्प्लेंडरही चालते नि हायाबुसाही. मी सांगलीत त्याच लायसन्सवर कॉलेजची सगळी वर्षं काढली. पुढे नोकरीसाठी टोकियोत आलो, निशी-कासाईत घर घेतलं आणि कारचं भारतीय लायसन्स जपानी करून घेतलं. मोटरसायकल मात्र डोक्यातून गेली होती. इथल्या लोकल वेळेवर येतात, त्यामुळे दुचाकीवाचून काहीच अडत नव्हतं.

ती परत डोक्यात शिरली पोलिसांमुळे. इथल्या वाहतूक पोलिसांकडे पांढऱ्या रंगाची होंडा सीबी१३०० असते. आमच्या भागातल्या एका अरुंद रस्त्यावर तसाच एक पोलिस मला वळताना दिसला. गाडी अवाढव्य, रस्ता जेमतेम दोन गाड्यांचा. त्याने मान मागे वळवली, गाडी एका बाजूला झुकवली आणि पाय खाली न टेकवता चालण्याच्या वेगात पूर्ण यू-टर्न घेतला. इंजिनाचा आवाज किंचितही वर-खाली झाला नाही. मोठी मोटरसायकल म्हणजे हायवेवर सुसाट जायचं यंत्र, असंच मी तोवर धरून चाललो होतो. एवढं वजन इतक्या सावकाश आणि इतक्या हुकमीपणे फिरवता येतं हे पाहिल्यावर मला तीच गाडी हवीशी झाली.

पोलिसांची गाडी जिच्यावरून बनली ती सीबी१३०० सुपर फोर दुकानात जाऊन पाहिली. गोल हेडलाइट, हँडलमागे दोन गोल घड्याळं, मागे दोन्ही बाजूंना एकेक शॉक अॅब्सॉर्बर, आणि कुठलंही प्लास्टिकचं पांघरूण नसलेलं चार सिलिंडरचं इंजिन. लहान मुलाला मोटरसायकल काढायला सांगितली तर तो जी काढेल ती ही. १९६९ साली होंडाने सीबी७५० आणली आणि ओळीत चार सिलिंडर असलेली मोठी मोटरसायकल सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली. १९८०च्या आसपासच्या सीबींनी तिला लाल-पांढऱ्या रंगाची ओळख दिली. त्याच वंशातली आठवण जागवत १९९२ साली सीबी१००० सुपर फोर निघाली. होंडाने त्या कामाला 'प्रोजेक्ट बिग-१' असं नाव दिलं होतं. त्याआधी जपानी बाजारात कंपन्या स्वतःहून ७५० सीसीची मर्यादा पाळत, त्यामुळे ती दांडगी गाडी म्हणजे इथल्या लोकांसाठी एक बांध फुटल्यासारखंच होतं. १९९८ मध्ये ती तेराशेची झाली आणि २००३ साली नव्याने घडवलेली १,२८४ सीसीची आवृत्ती आली. माझी गाडी तिच्यापैकीच.

पण आधी लायसन्स.

थेट मोठ्या लायसन्सला बसता येतं, पण माझ्यासारख्याने आधी ४०० सीसीपर्यंतचं काढावं आणि मग मोठ्याकडे जावं असं ड्रायव्हिंगच्या शाळेनेच सुचवलं, आणि आता वाटतं तेच बरं झालं. कारचं लायसन्स असलेल्याला पहिल्या टप्प्यात १७ तास गाडीवर, दुसऱ्यात आणखी १२. पहिल्या टप्प्याला सीबी४०० सुपर फोर, म्हणजे मला हव्या असलेल्या गाडीची धाकटी बहीणच. दुसऱ्याला एनसी७५०.

पहिल्या दिवशी गाडीवर बसूच देत नाहीत. आडवी पाडून ठेवलेली गाडी उचलायची. मी हाताने जोर लावला, ती हलली नाही. मास्तर पन्नाशी उलटलेले, माझ्याहून बारीक चणीचे. त्यांनी एक हात हँडलला, दुसरा सीटमागच्या दांडीला धरला, छाती टाकीला टेकवली आणि नुसते पाय सरळ केले. गाडी उभी. वर ओढायची नाही, पुढे ढकलायची. दंडात कितीही ताकद असली तरी इथे काम मांड्यांचंच. मग ती बंद गाडी ढकलत आठच्या आकड्यात फिरवायची. यातून एक गोष्ट पक्की कळते: गाडी अंगाला टेकून उभी असेल तोवर तिचं वजन जाणवतच नाही, आणि पलीकडे चार बोटं कलली की जगातला कुणीही तिला धरू शकत नाही.

आता पट्टीबद्दल. जमिनीपासून ५ सेंटीमीटर उंच, ३० सेंटीमीटर रुंद आणि १५ मीटर लांब अशी ती पट्टी असते. तिच्यावरून गाडी न्यायची, पण पटकन नाही. लहान लायसन्सला किमान ७ सेकंद लावायची, मोठ्याला किमान १०. पंधरा मीटरला दहा सेकंद म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरच्याही खाली. चाक खाली उतरलं तर परीक्षा तिथेच संपते. वेळ कमी पडली तर मात्र फक्त गुण कापले जातात, म्हणून घाबरलेले लोक सेकंदांचा नाद सोडून सरळ निघून जातात. मला ते करायचं नव्हतं. मी ज्यासाठी आलो होतो ते याच पट्टीवर होतं.

ती जमते कशी, ते नीट सांगतो. पट्टीवर चढताना थोडा वेग हवा, घाबरत चढलं की पुढचं चाक आधीच वळवळतं. दोन्ही चाकं वर आली की क्लच अर्धा दाबून तिथेच धरायचा, पूर्ण सोडायचा नाही, पूर्ण दाबायचाही नाही. उजव्या हाताने रेस अगदी जेमतेम आणि एकसारखी. वेग कमी करायचा तो फक्त उजव्या पायाने, मागच्या ब्रेकवर. पुढच्या ब्रेकला बोटही लावायचं नाही, कारण त्याने फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा शॉक, खाली बसतो आणि तोल जातो. म्हणजे इंजिन गाडीला पुढे ढकलतंय आणि मागचा ब्रेक तिला धरून ठेवतोय, या दोघांच्या ओढाताणीत साखळी सतत ताणलेली राहते आणि गाडी ताठ उभी राहते. गुडघे टाकीला घट्ट, खांदे मोकळे. हँडल डावीकडे-उजवीकडे बारीक बारीक हलत राहू द्यायचं. आणि नजर समोरच्या भिंतीवर. पट्टीकडे पाहिलं की पडलंच.

हे सगळं एका वेळी जुळेपर्यंत बरेच तास गेले. मास्तर कडेने चालत चालत सेकंद मोजायचे. एकदा त्यांचा आकडा दहाच्या पुढे गेला आणि मी अजून वरच होतो. त्यांनी काही म्हटलं नाही, नुसती मान हलवून पुन्हा रांगेत जायची खूण केली.

त्यांनी स्वतः लायसन्स काढलं तेव्हा शाळेची सोय नव्हती. १९७५ साली ४००च्या वर वेगळी परवानगी आली, आणि १९९६पर्यंत ती फक्त पोलिसांच्या परीक्षा केंद्रात थेट परीक्षा देऊन मिळायची. बहुतेक लोक नापास व्हायचे आणि पुन्हा पुन्हा जायचे. त्या काळात मोठी मोटरसायकल चालवणारा माणूस दिसला की बाकीचे वळून पाहायचे, असं ते सांगत होते. त्यांच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. आपण त्या वाटेने आलो याचा साधा अभिमान होता, आणि मला तो पटला.

बाकीचे प्रकार भराभर सांगतो. साडेचार मीटरवर ठेवलेल्या पाच खुंट्यांमधून, मोठ्या लायसन्सला सात सेकंदांत, नागमोडी जायचं, तिथे रेस दिली की कललेली गाडी आपोआप सरळ होते हे कळतं. ताशी ४० वरून ब्रेक मारून कोरड्या रस्त्यावर ११ मीटरमध्ये थांबायचं. आणि मोठ्या लायसन्सला एक खडबडीत उंचवट्यांची वाट, जी सीटवरून उठून, पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहून पार करायची. आमच्या सांगलीकडच्या रस्त्यांनी ते मला आधीच शिकवलेलं होतं, त्यामुळे त्यात मला फार सांगावं लागलं नाही. शाळेची परीक्षा झाली, तिथला दाखला घेऊन कोतोच्या लायसन्स केंद्रात गेलो, डोळे तपासून घेतले, फोटो काढला आणि त्याच दिवशी नवं कार्ड मिळालं.

गाडी घेतली २०१० सालची, दुसऱ्या मालकाकडून, लाल-पांढरी, पाच गिअरची. २०१४पासून या गाडीला सहा गिअर आले, पण मला पाचचीच हवी होती. किंमत आठ लाख येनच्या आसपास पडली. विकत घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या: फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का, सायलेन्सर कंपनीचा मूळ आहे का, आणि थंड इंजिन पहिल्या बटणाला चालू होऊन एका लयीत बसतं का. चकचकीत रंगापेक्षा हे तीन महत्त्वाचे. बाजारातल्या अनेक गाड्यांचे मूळ सुटे भाग काढून बाहेरचे बसवलेले असतात. त्यात वाईट काही नाही, पण या गाडीची शोभा तिच्या मूळ बांध्यात आहे असं माझं ठाम मत आहे.

पार्किंगचा प्रश्न घर घेण्याइतकाच अवघड निघाला. आमच्या इमारतीच्या सायकल स्टँडमध्ये १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना जागा नाही. शेवटी दहा मिनिटांच्या अंतरावर एका आजोबांच्या घराच्या अंगणात छपराखालची जागा महिना भाड्याने मिळाली. त्यांना मोटरसायकलचं काही कौतुक नाही, पण मी गाडी कधी काढली आणि कधी लावली हे त्यांना अचूक माहीत असतं. त्यांच्या नजरेखाली असल्यामुळे चोरीची काळजी कमी झाली. तरी साखळीचं जाड कुलूप आणि वर कव्हर मी कधी चुकवत नाही, कारण टोकियोत मोठ्या मोटरसायकली चोरीला जातात आणि कव्हर असलं की खाली काय आहे ते चटकन दिसत नाही.

पेट्रोल भरल्यावर या गाडीचं वजन अडीचशे किलोच्या वर जातं. आपली स्प्लेंडर ११०च्या आसपास. म्हणून थांबताना आधी विचार करायचा. उतारावर भिंतीकडे तोंड करून लावली तर ती परत मागे ढकलणं एकट्या माणसाचं काम नाही, म्हणून तोंड नेहमी चढाकडे ठेवायचं. खडी असेल तर स्टँडखाली चपटा दगड किंवा लाकडी ठोकळा. डबल स्टँडवर घेताना मात्र ओढायचीच नाही, स्टँडच्या पायावर उभं राहून आपलं सगळं वजन त्यावर टाकायचं, गाडी आपणहून वर येते. शाळेत पहिल्या दिवशी गाडी उचलताना जे कळलं तेच इथे रोज उपयोगी पडतं.

आणि चालवताना? इंजिनाची ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास आहे, पण मला तो आकडा बघायला फारसा प्रसंग येत नाही. मला आवडते ती खालची ताकद. चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसवर, इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या वर फिरत असताना, गिअर न बदलता रेस किंचित उघडायची. झटका नाही, खडखड नाही. मागून कुणीतरी भक्कम हात ठेवून पुढे नेतंय असा एक सलग दाब येतो आणि गाडी चढ चढत राहते. घाटात मी तिसऱ्या-चौथ्यातच असतो. गिअर बदलायची घाई नाही, म्हणून डोकं रस्त्याकडे राहतं. वळणाच्या आत आल्यावर नजर बाहेरच्या टोकाला लावली की गाडी तिथे जाते, पट्टीवर समोरच्या भिंतीकडे पाहायचो तशीच. रिकाम्या पार्किंगमध्ये मी अजूनही पाय न टेकवता यू-टर्नचा सराव करतो. तो पोलिस जेवढ्या जागेत वळला होता तेवढ्या जागेत मीही आता वळतो.

माझा आवडता रस्ता दोशीचा. सागामिहाराहून राष्ट्रीय महामार्ग ४१३ने दोशी गावातून यामानाका सरोवराकडे जातो. बाजूला नदी, दोन्हीकडे देवदाराची झाडं, आणि वळणं अशी की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश जाण्यातच मजा. दोशी गावातल्या थांब्यावर शनिवार-रविवारी मोटरसायकलींच्या रांगा लागतात. हे गाव वॉटरक्रेस या पाणथळ पालेभाजीसाठी प्रसिद्ध आहे आणि तिच्या जुड्या तिथे विकायला असतात. मी दर वेळी एक-दोन घेऊन सीटखालच्या कप्प्यात टाकतो, घरी तिची अंबाडीसारखी भाजी होते, वर लसणाची फोडणी. थांब्यावर लोक एकमेकांच्या गाड्या निवांत पाहतात. जुन्या सीबी७५० फोरचा एक मालक माझ्या गाडीभोवती फिरला, वाकून एक्झॉस्टच्या चार नळ्या पाहिल्या आणि किती किलोमीटर झाले एवढंच विचारलं. मी त्यांच्या गाडीसमोर त्याहून जास्त वेळ थांबलो. पुढे बोगदा ओलांडून खाली उतरलं की सरोवराच्या पलीकडे आभाळ स्वच्छ असेल तर फुजी दिसतो, आणि अनोळखी मोटरसायकलवाले समोरून येताना हात करतात.

ऑगस्टमध्ये मात्र ही गाडी शहरात नेऊ नये. सिग्नलला थांबलं की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि सगळी गरम हवा मांड्यांवर येते. टोकियोचा उन्हाळा आपल्या मे महिन्यासारखा कोरडा नाही, घाम सुकतच नाही. त्या दिवसांत मी पहाटे निघतो आणि नऊच्या आत परत येतो. पेट्रोलचं म्हणाल तर लिटरला अठरा-वीस किलोमीटर, या आकाराच्या इंजिनाला मला ते चांगलंच वाटतं.

२५० सीसीच्या वरच्या गाडीला दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी असते, तिला इथे शाकेन म्हणतात. दुकानात दिली तर ते सगळं करून आणतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात. पण मालकालाही स्वतः गाडी घेऊन जाता येतं, आणि मी तसंच ठरवलं. ऑनलाइन वेळ घेतली, आधीच्या आठवड्यात साखळी धुऊन तेल घातलं, ब्रेकचे पॅड मोजले, सगळे दिवे, इंडिकेटर आणि हॉर्न तपासले. आमच्या भागाचं केंद्र अदाचीला आहे. केंद्राच्या बाहेर हेडलाइटचा कोन तपासून देणारी छोटी दुकानं असतात. तिथे दिवा आधी लावून घेतला, कारण बहुतेक गाड्या याच एका गोष्टीत अडकतात.

आत गेल्यावर एक तपासनीस छोटा हातोडा घेऊन येतो. चासीवरचा नंबर कागदाशी ताडतो आणि मग चाकाचे, ब्रेकचे, हँडलचे नट हलक्या हाताने टकटक वाजवत जातो. घट्ट नटाचा आवाज खणखणीत येतो, सैल नटाचा बद्द. मी कान देऊन ऐकत होतो. एकही बद्द आवाज आला नाही. पुढे चाक फिरत्या रूळावर, गाडीच्या घड्याळात ४० दिसले की पायाखालचं बटण सोडायचं, मग पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, दिवा, आणि सायलेन्सरमध्ये नळी घालून धुराची तपासणी. प्रत्येक टप्प्याला समोरच्या पाटीवर गोल किंवा फुली येते. सगळे गोल आले. विमा, वजनकर आणि फी मिळून सरकारी खर्च वीस हजार येनच्या आत बसला. नवीन छोटा चौकोनी स्टिकर नंबरप्लेटच्या कोपऱ्यावर तिथेच उभं राहून चिकटवला. माझ्या गाडीला आतून-बाहेरून मी ओळखतो हे त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आणि दुकानात गाडी देऊन घरी बसलो असतो तर ते वाटलं नसतं. ज्यांना जमेल त्यांनी एकदा तरी स्वतः जावं.

लायसन्स मिळाल्यावर पहिलं वर्षभर मागे कुणाला बसवता येत नाही. एक्स्प्रेसवेवर तर बसवायला तीन वर्षं लागतात आणि चालवणारा किमान वीस वर्षांचा लागतो. शहरातल्या शुतो एक्स्प्रेसवेच्या काही भागांत डबलसीटला मुळातच बंदी आहे. त्यामुळे बायकोला दोशी दाखवायला वर्ष सरेपर्यंत थांबलो आणि मग साध्या रस्त्यांनी, सिग्नलमागून सिग्नल घेत, सकाळी सहाला निघालो. मागे माणूस बसलं की या गाडीचा खरा गुण दिसतो. ती दबत नाही, दमत नाही, फक्त मागच्या शॉकची स्प्रिंग आधी दोन टप्पे घट्ट करून घ्यायची.

थांब्यावर तिने हेल्मेट काढलं आणि विचारलं, "तू एवढं हळू का चालवतोस?"

"हळू चालवायलाच शिकलोय," मी म्हटलं.

"मग मलाही शिकायचंय," ती म्हणाली. "मागे बसून नुसतं तुझं हेल्मेटच दिसतं."

२०२५ साली होंडाने सीबी१३०० सुपर फोरची शेवटची आवृत्ती काढून ही मालिका थांबवली, तेव्हा मी ब्रेकचे पॅड, ऑइल सील आणि क्लचची केबल असे नेहमी लागणारे भाग जास्तीचे घेऊन कपाटात ठेवले. बायकोने त्याच शाळेत ४०० सीसीच्या लायसन्ससाठी नाव घातलंय आणि मास्तर तेच आहेत. तिला सीबी४०० हवी आहे. तिचं उत्पादन २०२२मध्ये बंद झालं आणि जुन्या बाजारात चांगल्या सीबी४००ची किंमत आता मी माझ्या तेराशेसाठी मोजली त्याहून जास्त सांगतात. तरी दर रविवारी आम्ही दोघं दुकानं पाहत फिरतोय. ती फोर्कच्या नळ्या पाहते, मी थंड इंजिन चालू करून ऐकतो.